अंगणातल्या शेगडीवर मटणाचे जाड काप: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

रस्सा कसा करायचा हे कोल्हापुरात कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. पण तेच मटण दोन बोटं जाडीचं, अखंड, निखाऱ्यावर भाजायचं म्हटलं की घरातली जाणती माणसंही अडखळतात. बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. आतपर्यंत शिजवत बसलं तर चामडं होतं. दोन्हीचं कारण एकच आहे: आपण सगळं एकाच जाळावर करायला बघतो. जाड तुकड्याला दोन जाळ लागतात, आधी मंद आणि मग कडक. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत.

परदेशी व्हिडिओंत दिसणारं स्टेक बहुतेक वेळा गोमांसाचं असतं. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, आणि तसंही आपल्याकडे मटण म्हणजे बोकडाचं. म्हणून तिथली वेळेची आणि तापमानाची गणितं इथे जशीच्या तशी लावू नका. त्या मांसात स्नायूंच्या आत चरबीच्या बारीक रेषा असतात. त्या वितळतात आणि थोडं जास्त भाजलं गेलं तरी तुकडा ओलसर राहतो. बोकडाची चरबी मात्र वरच्या थरात आणि गुर्द्याभोवती असते, आतलं मांस जवळपास बिनचरबीचं. त्यामुळे आपल्याला चुकायला जागा कमी.

काय काय लागेल

- मागचा पाय किंवा पाठीचे चाप, मिळून दीड ते दोन किलो (चार-पाच जणांना पुरतं)
- गुर्द्याभोवतीची चरबी, पावशेर
- लाकडी कोळसा, अडीच-तीन किलो
- शेगडी किंवा अर्धा कापलेला ड्रम, आणि जाड जाळी
- १५ किलो तेलाचा रिकामा डबा, तळाजवळ चारी बाजूंनी भोकं पाडलेला
- लोखंडी घमेलं, झाकणासाठी
- लांब चिमटा, सांडशी, जाड हातमोजे
- मांसात खुपसायचा सुईचा डिजिटल थर्मामीटर
- मीठ, आलं, लसूण, लिंबू आणि घरची कांदा-लसूण चटणी

यातली एकच वस्तू बहुतेक घरांत नसते, ती म्हणजे थर्मामीटर. तो घ्याच. बोटाने दाबून अंदाज घेणारी माणसं आहेत, पण ती कला पुष्कळ मटण भाजल्यावर येते. घरी आणल्यावर तो आधी बर्फाच्या पाण्यात धरा, शून्य दाखवला पाहिजे. मग उकळत्या पाण्यात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. थर्मामीटरने १०० दाखवले नाहीत म्हणून तो परत करायला जाऊ नका.

१. खाटकाला नेमकं काय सांगायचं

अर्धं काम इथेच होतं किंवा बिघडतं. मटणाच्या दरावरून २०१९ च्या अखेरीस ज्या शहरात आंदोलन झालं, तिथलं गिऱ्हाईक किती चोखंदळ असेल ते वेगळं सांगायला नको. दुकानदारांनाही सांगितल्याप्रमाणे करून द्यायची सवय असते. अडचण एवढीच की सवयीने त्यांचा हात रश्श्याच्या तुकड्यांकडे जातो. "दोन किलो द्या" म्हणून तुम्ही बाजूला झालात, तर अख्ख्या मांडीचे बारीक तुकडे व्हायला दोन मिनिटंही लागत नाहीत. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी सकाळी दुकानात उभं राहायला जागा नसते, तेव्हा असलं वेगळं काम सांगू नका. आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊन बोलून ठेवा.

"मामा, खच्ची बोकडाचा मागचा पाय अखंड ठेवा. मांडीचे आडवे काप पाहिजेत, दोन बोटं जाड, नळीसकट."

"रस्सा न्हाई करायचा व्हय?"

"खालच्या नळीचा आन् हाडांचा करतोय की. हे निखाऱ्यावर भाजायचंय."

एवढं बोलणं झालं की काम सोपं होतं. दोन बोटं म्हणजे साडेतीन ते चार सेंटिमीटर. यापेक्षा पातळ काप घेतलात तर दोन जाळांचा काही उपयोग नाही, ते कडक आचेवरच आतपर्यंत शिजून जातात. सगळे काप एकसारखे जाड आहेत ना, तेवढं समोर उभं राहून बघा.

पाठीचे चाप घ्यायचे असतील तर एका हाडाचा चाप घेऊ नका, तो फार पातळ पडतो. दोन हाडं एकत्र ठेवून कापायला सांगा. पाठीचा स्नायू जनावर फारसा वापरत नाही, म्हणून तो मांडीपेक्षा कोवळा असतो. पहिल्यांदा करताना चापच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. मांडी चवीला जास्त चांगली, पण ती मागाहून.

बोकड कोवळा हवा. सोलून-साफ करून आठ ते बारा किलोंच्या दरम्यान भरणारा बरा. मांस गुलाबीसर लाल, चरबी पांढरीशुभ्र, बरगड्या बारीक. मांस गडद आणि चरबी पिवळट दिसली तर जनावर जून आहे असं समजा. जून मटणाचा रस्सा उत्तम होतो, पण निखाऱ्यावर ते कधीच मऊ होत नाही. त्यातले चिवट धागे विरघळायला तासन्‌तास ओलावा आणि उष्णता लागते, ती शेगडीवर मिळत नाही.

एक धोका लक्षात ठेवा. मांडीचं हाड सत्तुराच्या दोन-तीन घावांत तोडलं की कपच्या उडतात आणि मांसात रुततात. रश्श्यात त्या तळाशी बसतात, भाजलेल्या कापात थेट दाताखाली येतात. आधी सुरीने हाडापर्यंत मांस कापून घ्या आणि हाड करवतीने कापा, असं सांगा. दुकानात करवत नसेल तर पाय अखंड घरी आणा आणि नवीन हॅक्सॉ ब्लेड धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून स्वतः कापा. नंतर प्रत्येक कापाच्या कडेवरून ओलं बोट फिरवून कपच्या पुसून काढा.

२. एक दिवस थांबा

ताजं म्हणजे सकाळी कापलेलं आणि दुपारी शिजलेलं, ही आपली ठाम समजूत. रश्श्यासाठी ती चालते, भाजायला चालत नाही. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात आणि तो ताठरपणा उतरायला साधारण एक दिवस लागतो. ताठरलेला काप निखाऱ्यावर ठेवला की तो आकसतो, वाकतो आणि चावता चावत नाही. मग दोष बोकडाला दिला जातो.

म्हणून शुक्रवारी मटण आणा आणि शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी भाजा. मधला वेळ फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ताटात जाळी ठेवून त्यावर, एकमेकांना न चिकटवता. फ्रीझरमध्ये टाकू नका. ताठरपणा यायच्या आधीच मांस गोठलं तर ते आणखी घट्ट होतं.

३. मीठ आदल्या रात्री, चटणी शेवटी

एक किलो मटणाला सपाट दोन चहाचे चमचे मीठ, म्हणजे १० ते १२ ग्रॅम. ते आदल्या रात्री दोन्ही बाजूंना चोळा आणि ताट उघडंच फ्रीजमध्ये ठेवा. मीठ आधी पाणी बाहेर काढतं, मग तेच खारं पाणी मांस परत शोषून घेतं आणि सकाळपर्यंत वरचा भाग कोरडा होतो. कोरडा पृष्ठभाग फार मोलाचा. भाजल्याचा तो तपकिरी रंग आणि वास साधारण १४० अंशांच्या पुढे तयार होतो, आणि वर पाणी असेपर्यंत मांसाची कातडी शंभराच्या वर जातच नाही. भाजायच्या अगदी पाच-दहा मिनिटं आधी मीठ लावणं सगळ्यांत वाईट. पाणी बाहेर आलेलं असतं आणि आत गेलेलं नसतं.

आलं-लसूण लावायचं तर वाटण लावू नका. त्यातले कण निखाऱ्यावर करपून कडू होतात. वाटण फडक्यातून पिळून फक्त रस घ्या, त्यात हळद घाला, कापांना चोळा आणि तासाभराने फडक्याने टिपून घ्या. आल्यात मांस मऊ करणारा गुण असतोच. मांडीच्या कापांना कच्च्या पपईचा कीस लावायचा असेल तर किलोला एक चमचा आणि जास्तीत जास्त दोन तास. पपई रात्रभर ठेवली तर वरचा थर पिठासारखा भुसभुशीत होतो आणि आतला तसाच राहतो. चापांना पपई लागतच नाही.

कांदा-लसूण चटणीचा मोह मला समजतो. पण तिच्यात भाजलेला कांदा, लसूण, खोबरं आणि मिरची आहे, म्हणजे आधीच एकदा भाजलेल्या वस्तू. कडक जाळावर त्यांचा अर्ध्या मिनिटात कोळसा होतो. चटणी सातव्या पायरीवर येईल, तोवर बरणी बंद ठेवा.

चरबी मात्र आताच मंद गॅसवर वितळवून गाळून घ्या. पुढे कामाला येते.

४. शेगडी आणि जागा

आपण ओतकामाच्या गावात राहतो याचा फायदा घ्या. शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलात तर ड्रम मधून उभा कापून, पाय लावून, सळ्यांची जाळी बसवून मिळते. दहा मिलिमीटरच्या सळ्या, दोन सळ्यांत दीड सेंटिमीटर अंतर. बिडाची जाळी मिळाली तर फारच उत्तम. ती तापायला वेळ घेते, पण मांस ठेवल्यावर थंड पडत नाही. निखाऱ्यापासून जाळी दहा-बारा सेंटिमीटर वर असावी.

दोन गोष्टी टाळा. पहिली, जस्ताचा मुलामा दिलेली जाळी किंवा पत्रा, कारण तापल्यावर जस्ताचा धूर येतो आणि तो घातक असतो. दुसरी, रसायनाचा किंवा रंगाचा ड्रम. खाद्यतेलाचाच ड्रम शोधा आणि तोसुद्धा पहिल्यांदा लाकडं पेटवून, आतला रंग-तेल पूर्ण जळेपर्यंत रिकामा भाजून घ्या.

जागा मोकळी हवी. आखाडात पावसाची झड लागलेली असताना हौस येते आणि मग शेगडी गॅरेजमध्ये किंवा पोर्चमध्ये शटर अर्धं ओढून लावली जाते. असं कधीही करू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. चारही बाजूंनी उघडी पत्र्याची शेड असेल तर ठीक, नाही तर त्या दिवशी सुकं करा. सगळ्यांत चांगला काळ दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत.

५. निखारे

कोळसा लाकडाचा. कारखान्यांच्या आसपास मिळणारा दगडी कोळसा किंवा भट्टीचा कोक स्वस्त आणि कडक असतो, पण त्याच्या धुरात गंधक असतं. अन्नासाठी तो नाहीच. रॉकेल, डिझेलही नको, त्यांचा वास थेट मटणात उतरतो.

तेलाचा डबा जमिनीवर विटांवर ठेवा, कोळसा भरा, खालून कागद आणि वाळलेली उसाची चिपाडं पेटवा. चिपाड भरकन पेटतं आणि डब्याच्या भोकांतून हवा वर ओढली जाते. फुंकणी लागत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. वीस-पंचवीस मिनिटांत वरच्या कोळशावरही राखेचा पांढरा थर येतो. तो आल्याशिवाय ओतू नका. शेणीचा तुकडा पेटवायला चालतो, पण मांस ठेवण्याआधी ती पूर्ण जळून गेलेली हवी.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. निखारे सांडशीने डबा उचलून शेगडीच्या *एकाच बाजूला* ओता. अर्ध्या भागात दोन थर, उरलेला अर्धा भाग पूर्ण रिकामा. आपल्याला दोन जाळ हवेत, ते असे मिळतात. निखारे सगळीकडे सारखे पसरायची सवय इथे मोडावी लागते.

तळहात जाळीच्या वर वीतभर अंतरावर धरा. निखाऱ्याच्या बाजूला दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला पाहिजे. रिकाम्या बाजूला आठ-दहा सेकंद सहज धरता आला पाहिजे.

६. मंद बाजू

काप फ्रीजमधून थेट आणा. बाहेर तासभर ठेवून फारसं काही साधत नाही, जाड काप आतून तेवढ्यात तापत नाही. रिकाम्या बाजूच्या जाळीवर ठेवा, चरबीची किंवा हाडाची बाजू निखाऱ्यांकडे. वर घमेलं पालथं घाला आणि एका कडेला लहान दगड लावून फट ठेवा, म्हणजे हवा खेळते.

दहा-बारा मिनिटांनी उलटा आणि जागा बदला, कारण निखाऱ्याजवळचा काप लवकर तापतो. पंधराव्या मिनिटापासून थर्मामीटर लावा. सुई कापाच्या *कडेतून आडवी* मध्यापर्यंत जाऊ द्या. वरून खुपसली तर ती आरपार जाते आणि जाळीचं तापमान दाखवते, हाडाला टेकली तर तेही खोटं. मध्यभागी ५५ अंश दिसले की काप बाजूला काढा. चार सेंटिमीटरच्या कापाला यासाठी साधारण पंचवीस ते पस्तीस मिनिटं लागतात. वारा असेल तर जास्त. घड्याळावर विसंबू नका.

इथे लोक घाबरतात, कारण पंचवीस मिनिटांनीही काप फिका, राखाडी, उकडल्यासारखा दिसतो. तो तसाच दिसायला हवा. रंग पुढच्या चार मिनिटांत येतो.

७. कडक बाजू

काप थाळीत काढा आणि निखारे चिमट्याने जवळ ओढून ढीग करा. राख झटकण्यासाठी पुठ्ठ्याने वारा घाला. गरज असेल तर मूठभर पेटलेले निखारे वर घाला. जाळी पाच मिनिटं तापू द्या. कापांना कोरड्या फडक्याने टिपा, वितळलेल्या चरबीचा पातळ हात फिरवा आणि थेट निखाऱ्यांवर ठेवा.

आता शेगडीपासून हलायचं नाही. दर अर्ध्या मिनिटाला उलटा. "एकदाच उलटावं" असं सांगणारे भेटतील, पण वरचेवर उलटल्याने दोन्ही बाजू सारख्या रंगतात आणि आतली उष्णता वाढायच्या आत कड भाजून होते. चापांची चरबीची कड चिमट्याने उभी धरून वेगळी भाजा, ती फुगून कुरकुरीत होते आणि तिचा चर्र आवाज अंगणभर जातो. चरबी ठिबकून ज्वाळा उठल्या तर काप रिकाम्या बाजूला सरकवा, पंधरा-वीस सेकंदांत ज्वाळा बसतात. पाणी शिंपडू नका, राख उडून मटणावर बसते.

शेवटच्या अर्ध्या मिनिटासाठी दोन चमचे वितळलेल्या चरबीत किंवा तुपात एक चमचा कांदा-लसूण चटणी कालवा, वरच्या बाजूला फासा, एकदा उलटा आणि उतरवा.

उतरवताना मध्याचं तापमान चापांना ६२-६३ आणि मांडीच्या कापांना ६५-६६ असावं. अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि त्यानंतर किमान तीन मिनिटं थांबणं सुरक्षित मानलं जातं. खाली आल्यावरही तापमान दोन-तीन अंश चढतं, हे हिशेबात धरलेलं आहे. खिम्याला हा नियम लागू नाही, तो ७१ अंशांपर्यंत न्यावाच लागतो.

६५ अंशांवर कापाच्या मध्यभागी फिकट गुलाबी छटा राहते. घरातल्या वडीलधाऱ्यांना ती चालत नाही, आणि त्यांच्यासाठी वाद घालू नये. त्यांचे काप ७० पर्यंत न्या. ७५ च्या पुढे मात्र कोवळ्या बोकडाचाही रस सुटून जातो, ही मर्यादा सगळ्यांनीच पाळलेली बरी.

८. थांबणं आणि वाढणं

काप उतरवल्यावर जाळीवर किंवा चमच्यांवर टेकवून सहा-सात मिनिटं ठेवा. सपाट ताटात ठेवलं तर खालची बाजू स्वतःच्या वाफेने नरम पडते. झाकू नका. लगेच कापलं तर रस ताटात सांडतो.

ताटल्या गरम करून घ्या. हे नुसतं हॉटेलचं सोंग नाही. बोकडाची चरबी अंगाच्या उष्णतेपेक्षा थोड्या जास्त तापमानालाच थिजायला लागते, त्यामुळे गार ताटलीत ती पांढरी पडते आणि टाळूला चिकटते. मांडीचा काप हाडापासून सोडवून धाग्यांच्या आडव्या दिशेने कापा, पातळ. नळीतला मगज चमच्याच्या दांड्याने काढून भाकरीवर घ्या आणि वर मीठ-लिंबू. माझ्या मते सगळ्या खटाटोपातला हा सर्वांत चांगला घास आहे.

सोबत तांबडा नको. तो इतका जोरदार असतो की भाजल्याचा वास त्यात हरवतो. खालच्या नळ्या आणि उरलेल्या हाडांचा पांढरा रस्सा करा, त्यातलं नारळाचं दूध आणि खसखस भाजलेल्या मटणाला सांभाळून घेतं. ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा, लिंबू. एवढं पुरे.

९. आग संपवणं

काप उतरल्यावर निखाऱ्यांत अजून तासभर जीव असतो. जाळीवर कांदे सालासकट आणि एखादं वांगं टाका, दुसऱ्या दिवशीच्या भरताची सोय होते. जाळी गरम असतानाच तारेच्या घासणीने घासा आणि चरबीचा हात फिरवा, नाही तर आपल्या पावसाळी हवेत ती आठवड्यात गंजते. घासणीची एखादी तार जाळीला चिकटून राहिली नाही ना, ते फडकं फिरवून बघा.

राखेत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहू शकतो. ती प्लॅस्टिकच्या बादलीत, कचऱ्याच्या डब्यात किंवा कुंपणापलीकडे टाकू नका. शहराच्या कडेला घर असेल आणि शेजारी ऊस तुटून गेल्यावरचं पाचट पडलेलं असेल तर एक ठिणगी पुरते. राख शेगडीतच राहू द्या, वर घमेलं पालथं घाला, आणि दुसऱ्या दिवशी हाताला पूर्ण गार लागली की पाणी शिंपडून मगच बाहेर काढा.